बोली आणि भाव

घोडबंदर हे वसईच्या खाडीकाठचे गाव. येथे पूर्वी घोड्यांचा व्यापार चाले व त्यावरूनच गावास हे नाव पडले, असे सांगतात. जनावरांच्या जुन्या बाजारांत सौदा पुष्कळदा उपरण्याखाली होई. दलाल बोटे दाबून भाव सुचवी; कोणी किती देऊ केले, हे भोवतालच्या मंडळींस कळत नसे. या गुप्ततेची झळ विकणारासच लागे.

ती कशी, हे शेअरबाजारावरून चांगले उमगते. भाईंदरहून लोकलने चर्चगेट गाठले की दलाल स्ट्रीट पायी जाण्याइतके जवळ आहे. तेथील दलालांची संस्था १८७५ साली स्थापन झाली. १९९५ साली संगणक येईपर्यंत तेथे बोली ओरडूनच लावीत. आता खरेदीदारांच्या बोली चढत्या-उतरत्या क्रमाने पडद्यावर दिसतात. समजा, एका शेअरला १०० रुपये देणारा आहे, पण त्यास ५० शेअरच हवे आहेत. ९९ रुपयांस २०० व ९५ रुपयांस १,००० घेणारे आहेत. एखाद्याने ३०० शेअर तत्काळ विकावयास काढले, तर पहिल्या दोन बोली संपून शेवटचे ५० शेअर ९५ रुपयांनी जातील, आणि बाजारात भाव ९५ झाला असे म्हटले जाईल. कंपनीच्या कारभारात मात्र काहीच बदललेले नसते.

कांद्याच्या लिलावातही हेच घडते. एक व्यापारी क्विंटलास १,५०० रुपयांपर्यंत जाण्यास तयार आहे व दुसरा १,२०० पर्यंत. लिलाव १,२०० च्या किंचित वर थांबेल, कारण पहिल्यास त्याहून अधिक देण्याचे कारणच उरत नाही. तेथे १,४५० देणारा तिसरा आला, की तोच माल १,४५० च्या पुढे जाईल. म्हणजे भाव बांधतो तो बहुधा दुसऱ्या क्रमांकाचा गिऱ्हाईक! व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत केले, तर हा दुसरा गिऱ्हाईकच नाहीसा होतो.

म्हणून ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस भावाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारावयास सांगावे : त्या भावाने किती माल घेणार, आणि लिलावात बोली लावणारे किती होते? एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय बाजारव्यवस्थेत जोडलेल्या बाजार समित्यांत संगणकावरून बोली लावता येते. तेथेही प्रत्यक्ष किती व्यापारी बोली लावतात, हे पाहूनच माल न्यावा.