स्वप्न, भय आणि विवेक

वसतिगृहात नव्याने राहावयास आलेल्या मुलांकडून एक तक्रार अनेकदा ऐकू येते : "रात्री छातीवर कोणीतरी बसले होते. ओरडायचे होते, पण आवाजच फुटेना." सुट्टीत हीच हकीकत घरी कळली की कोणी अंगारा सुचवतो, कोणी ताईत, तर कोणी भगताचे नाव काढतो. म्हणूनच स्वप्नांविषयी विज्ञान काय सांगते, हे पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

१९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. झोपलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड अधूनमधून वेगाने हलतात आणि त्याच वेळी जागे केल्यास बहुतेकजण स्वप्न सांगतात. या अवस्थेस पुढे 'रेम' निद्रा हे नाव मिळाले. ती साधारणतः दर ९० मिनिटांनी येते व पहाटेकडे अधिकाधिक लांबत जाते. पहाटेची स्वप्ने अधिक आठवतात ती यामुळे. ती खरी होतात म्हणून नव्हे.

रेम निद्रेत भावनांशी निगडित मेंदूचे भाग अतिशय सक्रिय असतात. तर्क करणारा पुढचा भाग मात्र मंदावलेला असतो. म्हणून अशक्य गोष्टही त्या क्षणी खरी वाटते. याच वेळी मस्तिष्कस्तंभ हातापायांचे स्नायू शिथिल करून ठेवतो. फ्रान्समधील मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील विशिष्ट भाग निकामी केला, तेव्हा ती झोपेतच उठून अदृश्य सावजावर झडप घालू लागली. ही शिथिलता म्हणजे निसर्गाने घातलेला बांधच होय.

कधी कधी जाग येते, पण हा बांध क्षणभर तसाच राहतो. शरीर हलत नाही, छातीचे स्नायू सैल असल्याने खोल श्वास घेता येत नाही आणि अर्धवट उरलेले स्वप्न डोळ्यांपुढे दिसते. छातीवर बसणारे 'भूत' ते हेच! अपुरी झोप, अनियमित वेळा, मानसिक ताण व उताणे झोपणे यांमुळे हा अनुभव अधिक संभवतो. तो काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत आपोआप ओसरतो.

स्वप्नांच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. फ्रॉइड यांनी त्यांत दडपलेल्या इच्छा पाहिल्या. हॉबसन व मॅकार्ली यांनी १९७७ मध्ये मेंदूच्या अंतर्गत संदेशांची जुळवाजुळव पाहिली. तथापि स्वप्नातील बरीचशी सामग्री आपल्याच जगण्यातून येते. वारंवार भयस्वप्ने पडणाऱ्या मुलाच्या मनात घराची ओढ असेल, परीक्षेची धास्ती असेल किंवा कोणी केलेला अपमान सलत असेल. ताईत बांधला की ही विचारपूस थांबते. मूल गप्प होते, दुःख तसेच राहते.

म्हणून मुलाचे ऐकून घ्यावे, त्याच्या झोपेची वेळ सांभाळावी आणि त्रास वारंवार होत असल्यास डॉक्टरांकडे न्यावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायद्यापर्यंत जाण्याची वेळच येऊ नये. भ्यालेल्या मुलाला "काय झाले?" असे शांतपणे विचारणारा एक माणूस घरात असला, तरी पुष्कळ आहे.