जुन्या पिकअपचा भरवसा कशात असतो?

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप माळशेज घाट उतरून पहाटेपूर्वी वाशीच्या बाजार समितीत पोहोचली, तर मालाला भाव मिळतो. तीच गाडी घाटात बंद पडली, तर गिऱ्हाईक निघून जाते, मालाचा भाव पडतो आणि भाडेही बुडते. शहरातील केटरर, फर्निचरवाला किंवा दूधविक्रेता यांची गतही याहून निराळी नसते. नवी गाडी परवडत नाही म्हणून यांपैकी अनेक जण जुनी डिझेल पिकअप घेतात. त्यांना वेग नको असतो. गाडी रोज निघेल आणि पोहोचेल, एवढीच खात्री हवी असते. ही खात्री महागड्या जोडकामातून मिळत नाही. हवा, इंधन, तेल आणि थंडावा या चार गोष्टी नीट राखल्या, तरच ती मिळते.

याचे कारण इंजिनाच्या घडणीतच आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणूनच रिंगा झिजल्या आणि दाब घटला, की त्याची पहिली खूण सकाळी गाडी सुरू करताना दिसते. जुनी पिकअप पाहायला जाताना विक्रेत्याला गाडी आधी सुरू करून ठेवू नका, असे बजावावे. थंड इंजिन किती सहज सुरू होते आणि धूर कोणत्या रंगाचा येतो, हे स्वतः पाहावे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. अनेकदा दोष केवळ तुंबलेल्या एअर फिल्टरचा किंवा टर्बोच्या फुटलेल्या पाइपचा असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीत क्षणभर आला तर चालतो; इंजिन तापल्यावरही तो येतच राहिला आणि कूलंट घटत असेल, तर हेडगॅस्केटची शंका घ्यावी. ऑइल काळे दिसले म्हणून मात्र घाबरू नये. डिझेलच्या काजळीने ते लवकरच काळे होते. ते दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे.

गाडी घरी आली, की आधीच्या मालकाच्या सांगण्यावर न विसंबता सर्व नव्याने सुरू करावे. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, तिन्ही फिल्टर आणि बेल्ट एकदाच बदलून घ्यावेत. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल, तर तो बदलण्याची मुदत कधीही चुकवू नये. तो तुटला, की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

इंधनाबाबत सर्वांत अधिक जपावे. कॉमन रेल इंजिनात डिझेल वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाबाने नोझलमधून फवारले जाते. पंप आणि नोझल यांना डिझेलचेच वंगण मिळते. त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळले, की हे वंगण तुटते आणि दुरुस्तीचा मोठा खर्च उभा राहतो. फिल्टरखाली साठणारे पाणी नियमित काढावे, विशेषतः पावसाळ्यात. टाकी तळाला जाऊ देऊ नये. गाळ वर येतो आणि पाइपात हवा धरली, की गाडी रस्त्यातच उभी राहते.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास वेळ लागतो, झीज वाढते आणि डिझेलही जास्त लागते. रेडिएटर साफ करावा, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरावे आणि पंख्याचा क्लच तपासावा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि केवळ ऑइलच्या थरावर फिरतो. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एखाद-दोन मिनिटे मंद चालू द्यावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टरही असतो. केवळ शहरातील लहान फेऱ्यांनी तो तुंबतो. अधूनमधून गाडी महामार्गावर सलग वेगाने चालवली, तर साठलेली काजळी जळून जाते. तो काढून टाकणे बेकायदा आहे.

आता सुधारणांविषयी. उत्तम बॅटरी, योग्य भारक्षमतेचे टायर, पाणी वेगळे करणारा दर्जेदार फिल्टर, तापमान वाढताच वाजणारा बझर आणि फ्यूज लावलेले नीटनेटके वायरिंग यांवर केलेला खर्च वसूल होतो. याउलट संगणकीय फेरफाराने ताकद वाढवणे किंवा जादा पाटे टाकून अधिक माल भरणे, ही दुखण्याला दिलेली निमंत्रणे होत. पाटे वाढले म्हणून चासी, अॅक्सल, क्लच आणि ब्रेक यांची क्षमता वाढत नाही. घाट उतरताना ही बाब जिवावर बेतते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड ठरवला. आरसी पुस्तकातील वजनाची मर्यादा हाच गाडीचा खरा आवाका समजावा.

शेवटची सूचना साधी आहे. गाडीत एक वही ठेवावी आणि प्रत्येक काम, तारीख व किलोमीटर त्यात लिहावे. ऑइल किती घटते, कूलंट कधी भरले, डिझेल किती लागते, याच्या नोंदी असल्या, की बिघाड घाटात गाठण्याआधी वहीत दिसू लागतो. उद्या गाडी विकायची वेळ आली, तर तीच वही पुढच्या मालकालाही विश्वास देते.