पालेभाज्यांचे मापन

पालेभाज्यांचे मापन : स्वयंपाकासाठी लागणाऱ्या पालेभाजीचे प्रमाण वजनात किंवा घनफळात ठरविणे आणि एकावरून दुसरे काढणे. पाणी, दूध यांसारख्या द्रवांची घनता जवळजवळ स्थिर असल्याने हे रूपांतर सोपे असते. पालेभाजीने भरलेल्या मापात मात्र पानांपेक्षा त्यांमधील हवाच अधिक जागा व्यापते; म्हणून एकाच मापात मावणारी भाजी पानांचा आकार, चिरण्याची पद्धत व दाब यांनुसार बदलते.

महाराष्ट्रात धान्य चिपटे, मापटे, शेर, पायली या घनफळाच्या मापांनी मोजण्याची प्रथा होती. पालेभाजी मुख्यतः जुडीने विकली जाते. जुडी हे प्रमाणित माप नसून तिचे वजन ऋतू व बाजार यांनुसार कमीजास्त होते. शिवाय त्या वजनात मुळे, जून देठ व माती यांचाही समावेश असतो. त्यामुळे भाजी निवडून, धुऊन व निथळून झाल्यावर तिचे वजन करणे इष्ट ठरते.

रूपांतर : मधल्या हवेसह मोजलेल्या घनतेस स्थूल घनता म्हणतात. घनफळास (मिलि.) स्थूल घनतेने (ग्रॅ. प्रती मिलि.) गुणल्यास वजन (ग्रॅ.) मिळते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकांत १ कप (सु. २३७ मिलि.) कच्चा पालक ३० ग्रॅ. धरला आहे, म्हणजे त्याची स्थूल घनता सु. ०·१३ येते. त्याच कपात उकडून निथळलेला पालक १८० ग्रॅ. मावतो. राजगिऱ्याच्या वर्गातील पाला कच्चा २८ ग्रॅ., तर उकडलेला १३२ ग्रॅ. भरतो. कोबी चिरलेला असल्यास ८९ ग्रॅ., पण किसलेला असल्यास ७० ग्रॅ. मावतो. ऑस्ट्रेलियात कप २५० मिलि.चा मानतात; घरगुती वाटीस तर ठराविक माप नाही. म्हणून आपल्या वाटीत मावणारी भाजी एकदा तोलून तो आकडा टिपून ठेवणे सोयीचे असते.

शिजण्याचा परिणाम : पालकाच्या पानात सु. नऊ-दशांश पाणी असते व पेशींतील या पाण्याच्या दाबाने पान ताठ राहते. उष्णतेने पेशीपटले निकामी होतात, पाणी व हवा बाहेर पडतात आणि भाजी ‘बसते’. घनफळ जितके घटते तितके वजन घटत नाही. कच्च्या भाजीच्या ढिगावरून मीठ घातल्यास ते जास्त होते, म्हणून ते भाजी बसल्यावर घालतात.

आहारगणनेतील महत्त्व : कोष्टकांनुसार १ कप कच्च्या पालकात लोह सु. ०·८ मिग्रॅ., तर १ कप उकडलेल्या पालकात सु. ६·४ मिग्रॅ. असते. शिजविल्याने लोह आठपट वाढते, असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्या कपात सहापट वजनाची भाजी असते व उरलेला फरक मुख्यतः पाणी कमी झाल्यामुळे पडतो. प्रौढाने रोज सु. १०० ग्रॅ. पालेभाजी खावी, असे हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था सुचविते. इतका कच्चा पालक तीन कपांहून अधिक भरतो, तर शिजल्यावर सु. अर्धा कप उरतो. त्यामुळे रुग्णाचा वा बालकाचा आहार आखताना घनफळाऐवजी वजन घेणे आणि भाजी कच्ची की शिजलेली, हे स्पष्ट नोंदविणे आवश्यक असते.