विमान डावीकडे का ओढते?
वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

आमच्या पेठेतील एका व्यापारी बांधवाने गेल्या वर्षी मुलाला वैमानिक प्रशिक्षणास घातले. दुसऱ्याच महिन्यात उड्डाणासाठी धावताना विमान धावपट्टी सोडून डावीकडच्या गवतात शिरले. अल्लाहच्या मेहेरबानीने कोणास इजा झाली नाही. परंतु वडील हादरले. भिशी उचलून, उधारी करून लाखोंची फी भरलेली. "पोराला हा हुनर जमणार नाही, परत आणतो," असे ते म्हणू लागले. आम्ही कापडवाले, विमानाचे काय कळणार! तरी त्यांच्यासोबत गेलो आणि तेथील उस्तादांना खोदून विचारले.

दोष एकट्या मुलाचा नाही, हे प्रथम कळले. सेसना १५२ किंवा १७२ या शिकाऊ विमानांचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. मागावरची मोटर सुरू करताना उलट दिशेने कसा हिसका देते, हे आमच्या यंत्रमागवाल्या भावांना ठाऊक आहे. तसेच येथे इंजिनाच्या जोराने डावे चाक जमिनीवर अधिक दाबले जाते. शिवाय पंख्याची हवा पिळा घेत मागे जाते आणि उभ्या शेपटीच्या डाव्या अंगावर आपटते. शेपूट उजवीकडे, तर नाक डावीकडे. त्यात वारा डावीकडून असेल तर विमान त्याच्याकडे आणखी तोंड फिरवते.

यावर उपाय उजव्या पायात असतो. पायाखालच्या पेडलला शेपटीचे सुकाणू आणि पुढचे चाक दोन्ही जोडलेले असतात. नवशिका मात्र मोटारीच्या सवयीने हातातले चाक फिरवतो. त्याने जमिनीवरचे विमान वळत नाही! मग घाबरून पेडल जोरात दाबतो, विमान उजवीकडे जाते, पुन्हा डावीकडे, आणि नागमोडी वाढतच जाते. पाय वर सरकला तर एकाच चाकाचा ब्रेक लागतो, कारण ब्रेक पेडलच्याच वरच्या भागात असतो. म्हणून इंजिनाचा जोर हळूहळू द्यावा, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवावी. विमान सुरुवातीलाच भरकटले तर जोर काढून घेऊन थांबावे. पुरेसा वेग नसताना ओढून उचलले तर पंख हवा सोडतो. गवतात जाण्यापेक्षा ते फार घातक.

बंगळूरला बनलेले जुने 'पुष्पक' याहून हट्टी होते. त्याचे तिसरे चाक शेपटीखाली, वजन मुख्य चाकांच्या मागे. एकदा वळू लागले की गिरकीच घेई. इंग्रजांचे टायगर मॉथ तर उजवीकडे ओढे, कारण त्याचा पंखा उलटा फिरे. अब्बास इब्न फिरनास यांची आठवण येथे येतेच. नवव्या शतकात कुर्तुब्यात ते उडाले, पण शेपूट लावली नव्हती म्हणून उतरताना पाठीला मार लागला, असे अल-मक्करी यांनी लिहून ठेवले आहे.

एक गोष्ट आम्हांस खटकली. त्या क्षणी पेडलवर पाय कोणाचे होते, शागिर्दाचे की उस्तादाचे, याचे उत्तर दोघांनी वेगवेगळे दिले. ताबा कोणाकडे हे तोंडाने बोलून द्यायचे-घ्यायचे असते. ते झालेच नव्हते. नुकसानीचा खर्च कोणाच्या खात्यावर, हेही कागदावर नव्हते. वडिलांनी दोन्ही बाबी लेखी मागितल्या.

व्यावसायिक परवान्यास दोनशे तास लागतात. मुलाचे तेव्हा एकोणीस झाले होते. पुढच्या सोमवारी तो परत धावपट्टीवर गेला.