सरडगुहिरा पाळायचा म्हणता, तर आधी हे ऐका

काजूच्या बागांची साफसफाई सुरू झाली की गोव्यातल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यात बिस्किटांची खोकी यायला लागतात. खोक्याला पेन्सिलीनं भोकं पाडलेली, आत पेरूची डहाळी आणि तिला घट्ट धरून बसलेला एक सरडगुहिरा, म्हणजे घोयरा. कधी तो मये-नार्वेकडून आलेला असतो, कधी थेट पेडण्याहून, धारगळ किंवा चांदेलमधून. सोबत शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, हो कितें खाता?"

तो काय खातो हे मी सांगतो, पण त्याआधी हा पाळता येणार नाही हे सांगतो. मुलाचा चेहरा पडतो आणि मलाही वाईट वाटतं. विषारी समजून ज्याला आपल्याकडे दगडानं ठेचतात, त्याला हा मुलगा जपून घेऊन आलेला असतो. त्या मायेला नुसता नकार देऊन भागत नाही, म्हणून हा लेख.

जगात सरडगुहिऱ्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये आहेत. भारतात मात्र एकच, 'कॅमेलिओ झेलॅनिकस'. तोच आपल्या काजूत, करवंदीच्या जाळ्यांत, सड्याच्या कडेच्या झुडपांत राहतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलं आहे. त्याला पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी कैद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पकडून आणलेला मोठा सरडगुहिरा घरात बहुधा जगत नाही. तो खाणं सोडतो. रानात ताब्यात असलेले पोटातले जंत ताणामुळे उसळतात. डोळे खोल जातात, आणि लोक मला सांगतात की तो आता "शांत झालाय, माणसाळलाय". दिवसाउजेडी डोळे मिटून बसलेला सरडगुहिरा माणसाळलेला नसतो, तो मरणाच्या वाटेवर असतो.

मोपाच्या पठारावर विमानतळासाठी झाडं पडली, डिचोलीत खाणींनी डोंगरांचे डोंगर उपसले. अशा ठिकाणाहून आलेल्या जनावराला पुन्हा कुठं सोडायचं, असं लोक विचारतात. प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर वनखात्याला कळवणं हे आहे, गॅलरीतला पिंजरा हे नाही.

मग ज्याला हा प्राणी पाळायचाच आहे त्यानं काय करावं? बंदिवासात जन्मलेला परदेशी जातीचा घ्यावा, आणि नवख्यानं शक्यतो 'व्हेल्ड'च घ्यावा. येमेन आणि सौदी अरेबियातला हा प्राणी डोक्यावर उंच शेंडी मिरवतो. त्याच्या मानानं मादागास्करचा 'पँथर' रंगानं देखणा, पण किमतीनं जड आणि चुका कमी सोसणारा. दोन्ही जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे वन्यजीव कायद्याची 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विक्रेता कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथून उठून या, मग प्राणी कितीही गोंडस असो.

निवडताना रंगाला भुलू नका. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पँथरच्या कातडीतल्या पेशींत सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो. हा बदल मुख्यतः मनःस्थितीचा आणि उन्हाचा असतो. दुकानात झळाळणारा प्राणी अनेकदा भेदरलेला असतो. त्यापेक्षा डोळे बघा: टपोरे, उघडे, स्वतंत्रपणे फिरणारे हवेत. पाय सरळ हवेत, फांदीवरची पकड घट्ट हवी. कोपरं वाकलेली किंवा जबडा मऊ असेल तर हाडं कॅल्शियमअभावी गेली, असं समजा. विष्ठेसोबतचा भाग पांढरा हवा. तो गर्द नारिंगी असेल तर पाणी पोटात गेलेलं नाही. पिल्लू निदान तीन महिन्यांचं असावं आणि तुमच्या डोळ्यांदेखत त्यानं किडा टिपलेला असावा.

आता घर. माशांची रिकामी काचेची टाकी माळ्यावर असेल तर ती तिथंच राहू द्या. या प्राण्याला उंची हवी आणि खेळती हवा हवी. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच असा जाळीचा पिंजरा एका मोठ्या सरडगुहिऱ्याला लागतो. खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी आणि डासांची जाळी बसवणारे कारागीर पेडण्यात आणि डिचोलीतही आहेत, ते सांगितल्या मापाचा बनवून देतात. नायलॉनची जाळी मात्र नको, रातकिडे ती कुरतडतात. साधं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं, तेव्हा स्टेनलेस स्टीलचा आग्रह धरा. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा. माणूस वरून दिसला की त्याला शिकारी आल्यासारखं वाटतं. एका पिंजऱ्यात एकच. जोडी एकत्र ठेवली तर दोघंही ताणानं खंगतात.

आत आडव्या-तिरप्या फांद्या, कुंडीतली जास्वंद, मनीप्लांट. तळाला माती-भुसा काही नको, साधा कागद पुरे. वरच्या फांदीपासून साधारण वीतभर अंतरावर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा, दिवसा बारा तास. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन दिसायला ऊन, पण त्यातले हाडांना लागणारे किरण काचेतच अडतात. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं तर पिंजराच व्हरांड्यात न्या, अर्ध्या भागावर सावली ठेवून. शेकण्याची जागा तीस-बत्तीस अंश असावी. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच तेवढी तापते, तेव्हा उष्णतेचा दिवा सरळ बंद ठेवा.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. सरडगुहिऱ्याला दमट हवा लागते असं वाचून लोक आषाढातही दिवसभर फवारे मारतात. व्हेल्डला रात्री दमट आणि दिवसा सुकं, असा फेरफार हवा. आपल्या पावसात भिंतींना बुरशी येते, चपला हिरव्या होतात, आणि अशा कोंदट हवेत त्याला छातीचा आजार होतो: तोंड उघडं टाकून श्वास, कडेला बुडबुडे. म्हणून पावसाळ्यात दुपारची फवारणी बंद करा, खोलीत पंखा फिरता ठेवा (झोत थेट पिंजऱ्यावर नको) आणि वीज जाते तेव्हा यूव्हीबी दिवा इन्व्हर्टरवर चालेल याची सोय आधीच करा. पाणी वाटीतून तो सहसा पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. सलाईनची नवी नळी पाण्याच्या बाटलीला जोडून थेंब थेंब जास्वंदीवर पडू द्या, यापेक्षा स्वस्त आणि चांगली सोय मला माहीत नाही.

डासांची उदबत्ती, मशीनमधली लिक्विडं, झुरळांचे स्प्रे त्या खोलीत अजिबात नकोत. भातशेतातले नाकतोडे पकडून घालू नका, त्यांच्यावर औषध फवारलेलं असू शकतं. घरातली झुरळंही नकोत. रातकिडे आणि दुबिया झुरळं पैदास करणाऱ्याकडून घ्या, त्यांना आदल्या दिवशी भाजीपाला खाऊ घाला आणि वर कॅल्शियमची भुकटी लावा. पिंजऱ्याच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर उरलेल्या किड्यांच्या वासानं लाल मुंग्या येतात, आणि झोपलेल्या प्राण्याला त्या सोडत नाहीत.

मादी घेणार असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी धरते. तिला किमान वीतभर खोल ओलसर वाळूची कुंडी मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती मरते. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं नरच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नीट ठेवला तर तो पाच-सात वर्षं जगतो. त्याला हातात घेऊन मिरवायचं नसतं. ज्या मुलाला कुशीत घ्यायला काहीतरी हवं आहे त्याच्यासाठी हा प्राणी नाही, त्याला मांजराचं पिल्लू द्या. तासभर गप्प बसून बघत राहण्यात ज्याला सुख वाटतं त्याच्यासाठी आहे.

कंटाळा आला म्हणून परदेशी प्राणी कधीही रानात सोडू नका. फ्लोरिडात आणि हवाईत असेच पोहोचलेले व्हेल्ड आता तिथल्या रानात वाढत आहेत.

आणि आपल्या घोयऱ्याबद्दल शेवटचं. तो रस्ता ओलांडताना डुलत डुलत, एक पाऊल टाकून थांबत चालतो, त्यामुळे गाडीखाली येतो. असा दिसला तर मागच्या गाड्या बघून थांबा. एक काठी त्याच्या पुढच्या पायांसमोर धरा, तो आपणहून चढेल. ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपात ठेवा, मागे नेऊ नका, नाहीतर तो पुन्हा रस्त्यावर येईल. जखमी असेल तर कापडी पिशवीत किंवा झाकण असलेल्या खोक्यात डहाळीसकट ठेवा, पाणी तोंडात ओतू नका, आणि वनखात्याला फोन करा. बिस्किटाचं खोकं चालेल, फक्त भोकं त्याला आत ठेवण्याआधी पाडा.