चिरुटाचा आस्वाद आणि राजशेखराचे नऊ पाक

उंची चिरुटांचा आस्वाद घेणे व त्यांची परस्परांशी तुलना करणे हा पाश्चात्त्य देशांत एक प्रतिष्ठित छंद मानला जातो. भारतातील मोठ्या शहरांतही त्याचे थोडेबहुत उपासक आहेत. या छंदात केवळ धूम्रपान अभिप्रेत नसते. छांदिष्ट मनुष्य चिरूट निवडतो, तो ठराविक आर्द्रतेत महिनोन्महिने जपून ठेवतो, निवांतपणे तासभर ओढतो आणि त्या तासाची वहीत नोंद करतो. कोणत्या प्रदेशाचे पान, आरंभी चव कशी, पुढे ती कशी पालटली, राख किती टिकली, अशा स्वरूपाच्या या नोंदी असतात. अशा शेकडो नोंदी जमल्यावर त्यांच्या आधारे एक चिरूट दुसऱ्याहून सरस ठरविला जातो. या निर्णयाला ज्ञानाचे स्वरूप कितपत असू शकते, की ती केवळ शब्दबद्ध केलेली आवडनिवड होय, असा प्रश्न येथे उद्भवतो. आस्वाद आणि परिभाषा यांच्या संबंधाचाच हा प्रश्न असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकालाही तो परका नाही. आणि त्याचे एक अनपेक्षित उत्तर वऱ्हाडातील वाशीम या गावाशी जोडलेल्या परंपरेत सापडते.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथेच १९३९ साली मिळाला, आणि 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचणारा सर्वसेन हा याच शाखेचा राजा होय. इंग्रजी अमदानीत बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. परंतु साहित्यशास्त्राच्या दृष्टीने या गावाची खरी प्रतिष्ठा राजशेखराने वाढविली. दहाव्या शतकाच्या प्रारंभी कनोजच्या दरबारी असलेल्या या कवीने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लावला आहे; 'कर्पूरमंजरी'च्या आरंभी त्याने वैदर्भी रीतीला जे 'वच्छोमी' असे नाव दिले आहे, तेही या गावावरूनच आलेले. याच राजशेखराने काव्याच्या परिपक्वतेचे, म्हणजे पाकाचे, नऊ प्रकार सांगितले असून ते सर्व जिभेच्या अनुभवावर उभारलेले आहेत.

राजशेखराला तंबाखू ठाऊक असण्याचा संभव अर्थातच नव्हता. ही वनस्पती पोर्तुगीजांच्या द्वारे दक्षिणेत आली, आणि १६०४-०५ च्या सुमारास असद बेगाने विजापूरहून ती अकबराच्या दरबारी नेली. चिरूट हा शब्दही दक्षिणेकडचा. गुंडाळणे या अर्थाच्या तमिळ धातूपासून तो आला. त्रिचनापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात विलायतेपर्यंत पोचले होते, इतके की १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्स राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो. गोदावरीच्या मुखाकडील बेटांवर पिकणारी 'लंका' तंबाखू हीदेखील चिरुटाचीच. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र चिरूट आला नाही, विडी आली. निपाणीची तंबाखू आणि विदर्भाच्या जंगलातील टेंभुर्णीचे पान यांच्या संयोगाने जो धूर निर्माण झाला, तोच या भागाच्या परिचयाचा. त्याआधीची चिलीम व गुडगुडी आता मागे पडली आहेत. विडी काही मिनिटांत संपते, ओढणे थांबविले की विझते, आणि तिच्याविषयी ओढणारा बोलतो तो बहुधा दोनच शब्द: कडक किंवा नरम. हे शब्द चवीचे नसून जोराचे आहेत. जोर आणि चव यांची ही गल्लत चिरुटाच्या नवशिक्या छांदिष्टाकडूनही हटकून होते. ज्याने डोके गरगरले तो चिरूट त्याला श्रेष्ठ वाटतो.

चिरुटाची रचना विडीहून गुंतागुंतीची असते. आतला गाभा, त्याला बांधून ठेवणारे पान आणि बाहेरचे नितळ वेष्टण असे त्याचे तीन भाग. उत्तम प्रतीच्या हाती वळलेल्या चिरुटात गाभ्याची पाने कुटलेली नसून लांब, अखंड असतात. क्यूबामध्ये गाभ्याच्या पानांना झाडावरील स्थानानुसार नावे आहेत: खालचे 'व्होलादो' चांगले जळते, मधले 'सेको' सुगंध देते, आणि वरचे, ऊन अधिक खाल्लेले 'लिहेरो' जोर देते. या पानांचे प्रमाण ठरविणे ही वळणाऱ्याची खरी कला. पाने ढिगांत रचून आंबविली जातात. त्या क्रियेत अमोनिया निघून जातो आणि पानाचा उग्रपणा कमी होतो. चिरुटाची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजण्याचा प्रघात आहे. बेचाळीस जाडीचा 'कोरोना' आणि पन्नास जाडीचा, आखूड 'रोबुस्तो' हे आकार प्रसिद्ध आहेत. पान एकच असले तरी आकार बदलताच चव बदलते, कारण वेष्टण आणि गाभा यांचे परस्परप्रमाण बदलते व धूर निवण्यास मिळणारे अंतरही बदलते. म्हणून तुलना करावयाची तर आकार एकच हवा, ही पहिली अट.

दुसरी अट आर्द्रतेची. चिरूट साधारणपणे ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. वाशीमच्या वैशाखातील कोरड्या उष्म्यात उघडा ठेवलेला चिरूट थोड्याच दिवसांत सुकेल आणि त्याचे वेष्टण तडकेल. श्रावणात त्यावर बुरशी धरण्याचे भय. सुका चिरूट भरभर व तापून जळतो आणि कडवट लागतो, ओला चिरूट वारंवार विझतो. तेव्हा एक सुका व एक ओला अशा दोहोंची तुलना म्हणजे पानांची तुलनाच नव्हे. आर्द्रतामापक खरा की खोटा हे पाहण्याची छांदिष्टांची युक्ती सोपी आहे: मिठात थोडे पाणी कालवून त्याचा ओला लगदा मापकासह बंद डब्यात ठेवावयाचा, काही तासांनी मापकाने ७५ टक्के दाखविले पाहिजेत. कपाटातल्या मिठाने यंत्राची परीक्षा करणारा हा मनुष्य पुढे चवीविषयी लिहिताना मात्र तितका काटेकोर राहत नाही.

खरी अडचण तिसरी आहे आणि ती कोणत्याही दक्षतेने दूर होत नाही. चिरूट ही एक वस्तू नसून एक घटनाक्रम आहे. जळणारे टोक ओठांकडे सरकत जाते, तसतसे न जळलेल्या पानांत धुरातील द्रव्ये साठत जातात, धूर गाळणारे अंतर कमी होते आणि उष्णता वाढते. त्यामुळे चव आरंभी एक, मध्ये दुसरी आणि अखेरीस तिसरी असते. फ्रेंच रसिकांनी या तीन भागांना विनोदाने गवत, दिव्य आणि शेणखताचे पाणी अशी नावे दिली आहेत. अशा दोन घटनाक्रमांची तुलना करण्यासाठी ते एकाच वेळी मुखात असू शकत नाहीत. पहिला संपल्यावर त्याची केवळ आठवण उरते. पदार्थांच्या परीक्षेत त्रिकोणी चाचणी नावाची एक पद्धत आहे. तीन नमुन्यांपैकी दोन सारखे आणि एक वेगळा असतो. वेगळा कोणता ते ओळखावयाचे. निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एकतृतीयांश. पाच चाचण्यांपैकी किमान चार अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २४३ मध्ये ११, म्हणजे सुमारे साडेचार टक्के. तेव्हा पाचांत चार ओळखणाऱ्याला काही कळते असे मानण्यास हरकत नाही. परंतु पाच चाचण्या म्हणजे पंधरा चिरूट. एका बैठकीत ते ओढणे अशक्य, आणि निरनिराळ्या दिवशी ओढले तर पुन्हा आठवणीवरच भिस्त. १९९२ साली अमेरिकेत निघालेल्या 'सिगार अफिशिओनाडो' या नियतकालिकाने नाममुद्रा काढून शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली. नाममुद्रा झाकणे योग्यच, पण ८९ आणि ९१ यांतील अंतर कोणत्या जिभेला कळते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

सारांश असा की चिरुटांची तुलना ही वस्तुतः नोंदींची तुलना होय आणि शब्द हेच तिचे मापनयंत्र. आता हे यंत्र कसे आहे ते पाहावे. छांदिष्टांच्या वह्यांत देवदार, चामडे, कोको, काळी मिरी, भिजलेली माती, भाजलेली कॉफी असे शब्द दाटीने आढळतात. ते सर्वस्वी खोटे असतात असे नव्हे. चव म्हणून जे जाणवते त्यातील बराच भाग घशामागून नाकात जाणाऱ्या गंधाचा असतो, आणि गंध सांगावयाचा तर उपमेवाचून गत्यंतर नाही. परंतु उपमा डोळ्यांच्या आहारी जाते. बोर्दो विद्यापीठात द्राक्षमद्याचे शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या मद्यात गंधहीन लाल रंग मिसळून दिला असता त्यांनी त्याचे वर्णन लाल मद्याच्या शब्दांत केले, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. काळपट वेष्टणाचा चिरूट पाहताच वहीत कोको अवतरतो, तो बहुधा याच न्यायाने.

येथे राजशेखराकडे वळावे. पाकाची कल्पना त्याची स्वतःची नव्हे. वामनाने आधीच आम्रपाक व वांग्याचा पाक असा भेद केला होता. राजशेखराचे वैशिष्ट्य असे की त्याने तिला क्रमाची जोड दिली. प्रत्येक पाकाविषयी तो दोनच गोष्टी विचारतो: आरंभी स्वाद कसा आणि परिणामी कसा? आणि प्रत्येकीला तीनच उत्तरे देतो: वाईट, मध्यम, उत्तम. तीन गुणिले तीन, असे नऊ पाक. आरंभी व अंती दोन्हीकडे वाईट तो निंब. आरंभी वाईट, अंती मध्यम ते बोर. आरंभी वाईट पण अंती गोड ते द्राक्ष. आरंभी मध्यम आणि अंती वाईट ते वांगे, दोन्हीकडे मध्यम ती चिंच, मध्यमातून गोडाकडे जाणारा आंबा. आरंभी उत्तम पण अंती वाईट ती सुपारी, उत्तमातून मध्यमाकडे उतरणारी काकडी, आणि आद्यंत गोड तो नारळ. प्रत्येक त्रिकातील पहिला त्याज्य, दुसरा संस्कार करून सुधारण्याजोगा, तिसरा ग्राह्य. वाशीमच्या बाजारात यांपैकी एकही फळ अनोळखी नाही. वांग्याला दिलेले स्थान मात्र वऱ्हाडी मनुष्य सहजासहजी मान्य करणार नाही.

या योजनेचा गुण तिच्या काटकसरीत आहे. ती चिरुटात देवदार आहे की चंदन, असे विचारत नाही. घटनाक्रमाची दिशा विचारते. दिशा आठवणीत टिकते. महिन्यापूर्वीचा चिरूट कोकोचा होता की कॉफीचा हे विसरले जाते, परंतु तो सुरुवातीला कोरडा लागून पुढे भरत गेला, हे विसरले जात नाही. शिवाय ग्राह्याग्राह्यतेचा निकष परिणामावर ठेवण्यात मार्मिकता आहे. फ्रेंचांचे गवत-दिव्य-शेणखत हे सूत्र आद्यंतांपुरते पाहिल्यास वांग्याच्या पाकात बसते आणि राजशेखराच्या दृष्टीने त्याज्य ठरते. उलट ज्या थोड्या चिरुटांचा शेवटचा तिसरा भागही कडवट होत नाही, ते आंबा किंवा द्राक्ष या वर्गात जातात आणि जाणकार त्यांनाच शोधत असतात. विडीच्या बाबतीत ही योजना निरुपयोगी आहे. तिचे आदि आणि अंत फार जवळजवळ आहेत.

दोषही सांगितला पाहिजे. राजशेखराला मध्य नाही. चिरुटाचा मधला भाग हाच पुष्कळदा त्याचा उत्कर्ष असतो आणि नऊ पाकांत त्याला जागा मिळत नाही. मध्यासाठी तिसरा प्रश्न घातला तर सत्तावीस प्रकार होतील आणि योजनेची काटकसर संपेल. त्यापेक्षा मध्याची नोंद गद्यात करावी व वर्गीकरण आद्यंतांवर ठेवावे, हे अधिक व्यवहार्य दिसते. ज्याची चव स्थिर नाही अशा रचनेला राजशेखर कवठाचा पाक म्हणतो. तीत चांगले वचन सापडणे म्हणजे पेंढा झाडून धान्याचा कण मिळविणे. एकाच पेटीतील दोन चिरूट भिन्न लागत असतील तर त्या पेटीसाठी हाच शब्द योग्य. हाती वळलेल्या मालात असे घडतेच. म्हणून एकाच चिरुटावरून मत देऊ नये, असा जाणत्यांचा दंडक आहे.

या दंडकाची एक किंमत आहे. चिरुटाचा धूर विडी-सिगारेटप्रमाणे छातीत ओढला जात नाही म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. हा धूर बहुधा अल्कधर्मी असल्याने निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच शोषले जाते; मोठ्या चिरुटात सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते; मुखाचा, घशाचा व अन्ननलिकेचा कर्करोग चिरूट ओढणाऱ्यांत अधिक आढळतो. आंध्र किनाऱ्यावर जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याची जी चाल स्त्रियांत आढळते, तिच्यामुळे टाळूचा कर्करोग होतो हे भारतीय वैद्यांनी दाखवून दिले आहे. तुलनेसाठी नमुने वाढवावेत तर शरीर झिजते आणि जीभही बधिर होते. भाताच्या किंवा चहाच्या परीक्षकापुढे हा पेच नसतो. मोजक्या नमुन्यांतून अधिकात अधिक निष्पन्न करणारी परिभाषा येथे सोय म्हणून नव्हे, तर गरज म्हणून हवी.

राहिला शब्दभेदाचा आक्षेप. दोन परीक्षक एकाच चिरुटाविषयी निरनिराळे शब्द वापरतात, तेव्हा दोघांनाही काही कळत नाही असा निष्कर्ष काढला जातो. वामनाच्या मते ज्या रचनेतील शब्द बदलता येत नाही तीच परिपक्व. राजशेखराने या मतापुढे आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचा आक्षेप नोंदविला आहे: शब्द बदलता न येणे हे असामर्थ्य होय, पाक नव्हे, कारण एकच वस्तू थोर कवी अनेक प्रकारे सांगतात आणि ते सर्व प्रकार परिपक्व असू शकतात. हा विचार परीक्षकांच्या वह्यांना लावून पाहता येईल. एकाने देवदार लिहिले, दुसऱ्याने चंदन. एकाने मिरी, दुसऱ्याने सुंठ. परंतु दोघांनीही स्वतंत्रपणे, नाममुद्रा न पाहता, आरंभ मध्यम आणि अखेर उत्तम अशी नोंद केली असेल, तर दोघांच्या हाती तोच आंबा लागला आहे. एकाच्या वहीत आंबा आणि दुसऱ्याच्या वहीत सुपारी असेल, तर शब्द कितीही जुळोत, पेटी पुन्हा उघडावी लागेल.