तोफखान्यातून सर्वोच्च पदाकडे : अ‍ॅलन ब्रूक

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनानी म्हटले की आपल्याला माँटगोमेरी आठवतात, ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे स्लिमही आठवतात. या दोघांचे वरिष्ठ, फील्ड मार्शल अ‍ॅलन ब्रूक मात्र मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहेत. ते मूळचे तोफखान्याचे अधिकारी. त्यांची पुढची कर्तबगारी तोफखान्याच्या शिस्तीतूनच घडली, असे मला ठामपणे वाटते.

अल्स्टरच्या लष्करी घराण्यातल्या ब्रूक यांचा जन्म १८८३ साली फ्रान्समध्ये झाला. वुलविचच्या लष्करी अकादमीतून ते १९०२ मध्ये तोफखान्यात दाखल झाले आणि १९०६ पासून काही वर्षे हिंदुस्थानात होते. १९१४ मध्ये सिकंदराबाद घोडदळ ब्रिगेडच्या दारूगोळा तुकडीचे प्रमुख म्हणून ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले.

तिथे त्यांची बुद्धी खऱ्या अर्थाने पणाला लागली. १९१६ च्या सोमच्या लढाईत त्यांनी फ्रेंचांकडून शिकलेला ‘सरकता भडिमार’ राबवला. यात तोफगोळ्यांचा पडदा ठरलेल्या वेळी थोडाथोडा पुढे सरकतो आणि पायदळ त्याच्या मागोमाग चालते. पडदा लवकर सरकला, तर शत्रू खंदकातून डोके वर काढतो. पायदळाने घाई केली, तर आपलेच गोळे आपल्यावर पडतात. एप्रिल १९१७ मध्ये कॅनडाच्या कोअरने विमी टेकडी जिंकली, तेव्हा त्या कोअरच्या तोफखान्याच्या नियोजनात ब्रूक होते. लेफ्टनंट म्हणून पहिल्या महायुद्धात उतरलेला हा अधिकारी लेफ्टनंट कर्नल होऊन बाहेर पडला. १९२९ ते १९३२ या काळात ते लार्कहिलच्या तोफखाना विद्यालयाचे प्रमुख होते.

मे १९४० मध्ये बेल्जियमने शरणागती पत्करल्यावर डंकर्ककडे माघार घेणाऱ्या सैन्याची उघडी पडलेली डावी बाजू ब्रूक यांच्या दुसऱ्या कोअरने राखली. जूनमध्ये त्यांना पुन्हा फ्रान्सला धाडले गेले. तिथला प्रतिकार संपल्याचे ओळखून त्यांनी चर्चिल यांना दूरध्वनीवरच माघारीसाठी राजी केले.

डिसेंबर १९४१ मध्ये ते सरसेनाध्यक्ष झाले. चर्चिल यांच्या उत्तर नॉर्वे आणि सुमात्रावरच्या मोहिमांच्या कल्पनांना त्यांनी ठाम विरोध केला. साधने अपुरी असताना फ्रान्सवर उतरण्याची घाई त्यांना मान्य नव्हती. आधी उत्तर आफ्रिका, मग सिसिली, हा क्रम त्यांनी लावून धरला. अमेरिकी सेनाप्रमुख मार्शल यांना हा वेळकाढूपणा वाटे. पण पल्ला, वेळ आणि दारूगोळा यांचा मेळ बसल्याशिवाय हल्ला करायचा नाही, हे ब्रूक सोमवर शिकले होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी मध्यपूर्वेचे सेनापतिपद नाकारले. चर्चिल यांना आवर घालण्यासाठी आपण लंडनमध्येच हवे, असे त्यांना वाटत होते. फ्रान्सवरील स्वारीचे नेतृत्व देण्याचा शब्द त्यांना मिळाला होता, तोही १९४३ मध्ये क्वेबेक परिषदेच्या वेळी मोडला गेला. ती खंत त्यांनी आपल्या दैनंदिनीत मोकळेपणाने लिहिली, पण कामात कसूर केली नाही.

ब्रूक १९६३ साली वारले. दुसऱ्या महायुद्धातल्या कोणत्याही मोठ्या विजयाला त्यांचे नाव जोडलेले नाही. तरीही ब्रिटनच्या विजयातला त्यांचा वाटा माँटगोमेरींपेक्षा मोठा आहे.